वाण्याची यादी आणि मोबाइलचे दुकान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत लखनौ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आम्हांला पाचारण करण्यात आले, तेव्हा मराठ्यांच्या उत्तरेकडील स्वाऱ्यांवर चार शब्द बोलावेत असा आमचा विचार होता. इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या माणसापाशी तेवढे भांडवल असतेच. परंतु कार्यकारिणीतील एका भगिनींनी आम्हांला स्पष्टच बजावले, "साहेब, पानिपत दरवर्षी होते. या खेपेस घरातल्या माणसांच्या उपयोगी पडेल असे काही बोला." ही आज्ञा शिरसावंद्य मानून आम्ही आज एक अगदी घरगुती विषय आपणांपुढे मांडणार आहोत. मोबाइलवरून किराणा मागविण्याची सोय आता घरोघर झाली आहे. ही सोय वापरणाऱ्यास कितपत सोयीची पडते, हा आजचा विषय.

आरंभीच एक कबुली देणे इष्ट. आम्ही संगणकशास्त्राचे जाणकार नाही. आमची हयात केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून छापील अर्ज तपासण्यात गेली. मात्र त्या अर्जांनी आम्हांला एक धडा दिला. अर्जाच्या सातव्या रकान्यात एखाददुसरा अर्जदार चुकला, तर तो त्याचा निष्काळजीपणा म्हणता येईल. पण रोज येणारी शहाणीसुरती माणसे त्याच सातव्या रकान्यात अडखळू लागली, तर दोष रकान्याचा असतो. तो रकाना सरळ शब्दांत लिहून काढला की पुढच्या महिन्यापासून चुका थांबतात, हे आम्ही स्वतः पाहिलेले आहे. मोबाइलमधील दुकानाकडेही आम्ही त्याच नजरेने पाहणार आहोत.

परमुलखात राहणाऱ्या आपणा मंडळींना यादीचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. १९९८ साली आम्ही प्रथम बदलून या शहरी आलो, तेव्हा आमसुले, गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचे पीठ हे जिन्नस येथे मिळणे दुर्घट होते. मंडळाच्या गणेशोत्सवात कोणाशी ओळख झाली की, दुसऱ्याच भेटीत प्रश्न येई, "सुटीवर केव्हा निघणार?" आणि पाठोपाठ चार घड्या घातलेली एक यादी हाती पडे. पुष्पक एक्सप्रेसने परतणाऱ्या माणसाच्या सामानात त्याचे स्वतःचे कपडे थोडे आणि दुसऱ्यांच्या यादीतले जिन्नस फार, अशी स्थिती असे. त्या याद्यांनीच आपल्यातील अनेक कुटुंबे एकमेकांशी बांधली गेली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

रोजच्या किराण्याची यादी मात्र वसाहतीच्या कोपऱ्यावरील दुकानात जाई. मधल्या काळात आमच्या इतरत्र बदल्या झाल्या आणि २०१६ साली आम्ही मातोश्रींसह पुन्हा लखनौस आलो. मातोश्री सोलापूर जिल्ह्यात तेहेतीस वर्षे प्राथमिक शिक्षिका होत्या. त्यांचे अक्षर टपोरे. दर महिन्याच्या दोन तारखेस त्या यादी लिहीत व स्वतः दुकानात नेऊन देत. दुकानदारास मराठी येत नव्हते, पण लिपी एकच असल्यामुळे तो यादी वाची आणि अडलेल्या शब्दावर बोट ठेवून विचारी, "माताजी, ये क्या चीज़ है?" मातोश्री पोत्याकडे बोट दाखवीत. असे दोन-तीन महिने गेल्यावर मटकी म्हणजे मोठ, भगर म्हणजे समा के चावल, शेंगदाणे म्हणजे मूँगफली हे त्या गृहस्थास पाठ झाले. जिन्नस बांधून झाले की तो सारी यादी मोठ्याने वाचून दाखवी, मग बेरीज सांगे आणि शेवटी "और कुछ?" असे विचारल्याखेरीज पिशवी पुढे करीत नसे. त्या वेळी यात काही विशेष आहे असे आम्हांला वाटले नाही.

२०२२ साली वार्धक्यामुळे त्याने दुकान बंद केले. मुलांनी निराळे व्यवसाय धरले होते. मग वसाहतीतील बहुतेकांप्रमाणे आम्हीही एका मोठ्या किराणा दुकानाचे ॲप मोबाइलवर घेतले आणि सौभाग्यवती त्यावरून सामान मागवू लागल्या. मातोश्री यादी लिहून देत व सौभाग्यवती ती मोबाइलवर भरीत. सर्व सुरळीत चालले होते.

गेल्या आषाढात सौभाग्यवती कन्येच्या बाळंतपणासाठी पुण्यास गेल्या आणि आम्हांलाही आठ दिवसांच्या दौऱ्यावर जावे लागले. मातोश्रींचे वय अठ्ठ्याहत्तर. परंतु प्रकृती ठीक आणि बुद्धी तल्लख. एकादशी तोंडावर आलेली. त्यांनी यादी केली: साबुदाणा अर्धा किलो, भगर एक किलो, शेंगदाणे अर्धा किलो, मटकी अर्धा किलो, मीठ एक किलो. सुनेने शिकविल्याप्रमाणे त्या मोबाइल घेऊन बसल्या. आम्ही परत आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिठाच्या सहा पुड्या एका ओळीत मांडून ठेवलेल्या होत्या. साबुदाणा आला होता. बाकी काहीच आले नव्हते. शेंगदाण्यावाचून खिचडी होणार कशी? दूध आणि दोन केळी यांवर त्यांनी एकादशी पार पाडली होती. यादीच्या पाठीमागे त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलेले होते, "मीठ ६? कसे?"

आम्ही हसलो. हसणे चुकले. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "मला आता काही जमत नाही रे, बाबा. यापुढे तुम्हीच काय ते मागवीत जा." आणि त्या दिवसापासून त्यांनी यादी लिहिणे सोडले. पोटासाठी त्या रोज ओवा खातात. तो संपलेला असूनही त्यांनी तीन आठवडे कोणास सांगितले नाही, हे आम्हांला बरणी उघडल्यावर कळले. सहा किलो मीठ ही फारशी मोठी हानी नव्हे. परंतु तेहेतीस वर्षे मुलांना पाढे शिकविलेल्या बाईने "मला जमत नाही" असे म्हणून घरातील आपला कारभार खाली ठेवावा, ही हानी लहान नव्हती. त्याच दिवशी आम्ही या विषयाचा छडा लावण्याचे ठरविले.

वाचता वाचता असे आढळले की, या गोष्टीचा विचार जगात पुष्कळ झालेला आहे. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली रोजच्या वापरातील वस्तूंच्या मानसशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. दार ओढावे की ढकलावे, शेगडीची कोणती कळ कोणत्या चुलीची, अशा साध्या गोष्टींत माणसे का चुकतात याची चर्चा त्यात आहे. नॉर्मन यांचे एक निरीक्षण आमच्या मनास फार लागले. वस्तू सदोष असली तरी माणसे दोष स्वतःकडे घेतात, गप्प बसतात, आणि त्यामुळे तो दोष तसाच राहतो. मातोश्रींचे "मला जमत नाही" हे वाक्य आम्हांला त्या पानांतच भेटले.

याच गुणास इंग्रजीत युजेबिलिटी व मराठीत वापरसुलभता म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९८ साली त्याची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा की, ठरावीक माणसांना, ठरावीक कामासाठी, ठरावीक परिस्थितीत ती वस्तू वापरून काम पुरे करता आले पाहिजे, कमी श्रमांत करता आले पाहिजे आणि ते करताना समाधान वाटले पाहिजे. यातील 'ठरावीक माणसे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पंचविशीतील अभियंत्यास एखादे ॲप सुलभ वाटले, म्हणून ते अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहिणीस सुलभ ठरत नाही. किराणा हा तर घराघरांतील सर्व वयाच्या माणसांचा विषय आहे.

याकोब नील्सन या दुसऱ्या तज्ज्ञाने २००० साली असे मांडले की, पाचच माणसांना काम करावयास बसवून नीट पाहिले, तरी बहुतेक दोष हाती लागतात. पाच माणसे जमविणे आमच्या आवाक्यातले होते. मातोश्रींचे मन वळविले. शिवाय मंडळातील एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या एक काकू, नुकतीच रत्नागिरीहून लग्न होऊन आलेली एक तरुण सून आणि पाचवे आम्ही स्वतः. प्रत्येकास तीच पाच जिनसांची यादी दिली. वही-पेन्सिल घेऊन आम्ही शेजारी बसलो आणि स्वतःस दोन नियम घालून घेतले: मध्ये बोलावयाचे नाही, आणि समोरच्याच्या हातून मोबाइल काढून घ्यावयाचा नाही. हे नियम पाळणे किती कठीण असते, ते घरी करून पाहावे. आमच्या वहीतील मुख्य नोंदी आता सांगतो.

पहिली नोंद अक्षरांची. जिनसाचे नाव ठळक होते. परंतु वजन फिकट करड्या बारीक अक्षरांत. चौघे अर्धा किलो की पाव किलो हे वाचण्यासाठी मोबाइल नाकाशी नेत होते. संकेतस्थळांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे. ही काही दयेची बाब नव्हे. उन्हात उभे राहून पाहणाऱ्या तरुणासही फिकट अक्षर दिसत नाही.

दुसरी नोंद बटणांची. अधिक आणि वजा ही चिन्हे एकमेकांस खेटून, आणि बोटाच्या पेराहून लहान. अँड्रॉइडची निर्मिती करणाऱ्या गूगलने ॲप बनविणाऱ्यांना दिलेल्या सूचनांत बोटाने दाबावयाची जागा सुमारे ९ मिलिमीटर असावी असे म्हटले आहे. येथे तेवढी नव्हती. त्याहून वाईट असे की, बटण दाबल्यावर आकडा लगेच बदलत नव्हता. जाल संथ असले की दोन-तीन क्षण जात. माणूस समजे की दाबले गेले नाही, आणि पुन्हा दाबी. सहा किलो मिठाचे कोडे येथे उलगडले. मातोश्रींनी सहा वेळा दाबले होते, कारण पहिल्या पाच वेळा त्यांना कोणी "ऐकले" असे म्हटले नव्हते. कोपऱ्यावरचा वाणी निदान मान हलवी.

तिसरी नोंद नावांची, आणि ती आपणा परप्रांतीयांस विशेष जाचक. रोमन अक्षरांत मटकी लिहिले की मातीच्या घागरीचे चित्र पुढे येई. हिंदीच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. वाल म्हणून शोधू लागताच अक्रोड सुचविले जात. भगर व शेंगदाणे यांना तर "काही सापडले नाही" असे कोरडे उत्तर. या ठिकाणी रत्नागिरीची तरुण सूनही अडली! मोबाइलवर तिची बोटे विजेसारखी चालतात. पण भगरीला येथे काय म्हणतात हे तिला ठाऊक नव्हते. तेव्हा हा प्रश्न केवळ वयाचा नाही. दुकानातील वाण्याने "ये क्या चीज़ है?" असे विचारून जी अडचण दूर केली, तीवर ॲप फक्त दार लावून घेते. एकाच धान्याची निरनिराळ्या भाषांतील नावे नोंदवून ठेवणे हे यंत्रास मुळीच अवघड नाही. कोणीतरी ती एकदा लिहून काढण्याची तसदी घेतली पाहिजे, इतकेच.

चौथी नोंद हिशेबाची. सामान निवडून झाल्यावर बेरीज एक दिसली. शेवटच्या पानावर ती वाढलेली. हाताळणीचा आकार, पोहोचविण्याचा आकार आणि कोणीही न सांगितलेली दोन रुपयांची देणगी, जिच्यापुढे बरोबरची खूण आधीच केलेली होती. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना ती खूण कशी काढावी हे सापडेना. रक्कम क्षुल्लक, परंतु न विचारता घेतलेला पैसा क्षुल्लक असला तरी मनात सल ठेवतो. वर "त्वरा करा, तीनच शिल्लक" असा तगादा चालूच.

पाचवी नोंद दारातली. सामान घेऊन आलेला मुलगा ओटीपी, म्हणजे मोबाइलवर आलेला आकडा, मागतो. बँक आणि वर्तमानपत्रे बजावतात की ओटीपी कोणासही सांगू नका. मातोश्रींनी तो आकडा देण्यास साफ नकार दिला. बिचारा मुलगा दारात उभा. शेवटी पहारेकऱ्याने मध्यस्थी केली. चूक कोणाची? त्यांनी सांगितलेले पाळले. पैसे काढणारा आकडा आणि पिशवी घेणारा आकडा या दोहोंना एकच नाव ठेवणाराची ही चूक. दुसऱ्यास 'पोच क्रमांक' असे साधे नाव दिले असते, तरी गोंधळ टळला असता.

एवढ्यावरून आम्ही या सोयीच्या विरुद्ध आहोत असा ग्रह होऊ नये. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना ऐकू कमी येते, ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांना घरबसल्या सामान मिळते ही मोठी गोष्ट आहे. किंमत लिहिलेली असते, जुनी बिले जपून राहतात, आणि पाव किलोच घेतले म्हणून कोणी वरपासून खालपर्यंत न्याहाळत नाही. खरे तर ही कल्पना वृद्धांसाठीच प्रथम व्यवहारात आली, हा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असेल. मायकेल ऑल्ड्रिच या इंग्रज गृहस्थाने १९७९ साली घरातील दूरचित्रवाणी संच टेलिफोनच्या तारेने संगणकास जोडून व्यवहार करण्याची युक्ती काढली. मे १९८४ मध्ये इंग्लंडातील गेट्सहेड या गावी, वृद्धांच्या सोयीसाठी स्थानिक नगर परिषदेने चालविलेल्या योजनेत, जेन स्नोबॉल नावाच्या बहात्तर वर्षांच्या बाईंनी आपल्या बैठकीच्या खोलीतून किराणा मागविला. त्यांच्या यादीत मार्गारीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी असे तीन जिन्नस होते. हाती होता केवळ दूरचित्रवाणीचा रिमोट. घरबसल्या किराणा मागविणाऱ्या जगातील पहिल्या गिऱ्हाइकांत बहात्तर वर्षांच्या एक आजी होत्या, आणि आज त्याच वयाच्या माणसास "तुम्हांला नाही जमायचे" असे आपण म्हणतो! वय तेच आहे. ॲप तयार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढील माणूस तेवढा बदलला आहे.

आता उपाय. त्यांतील काही कायद्याने दिलेले आहेत, पण आपण ते वापरीत नाही. २०२० सालच्या ई-वाणिज्य नियमांनुसार, आधीच केलेली खूण ही गिऱ्हाइकाची संमती मानता येत नाही. आणि प्रत्येक अशा व्यवसायाने तक्रार-अधिकारी नेमून ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावयाची व एका महिन्यात तिचे निवारण करावयाचे असते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने गिऱ्हाइकास फसविणाऱ्या १३ क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई करणे, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकविणे, खरी किंमत शेवटी उघड करणे या साऱ्या त्यांत आल्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मराठीतही तक्रार सांगता येते. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व दृष्टिहीन नागरिकांच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. सरकारी नोकर या नात्याने आम्ही एवढेच सांगू शकतो की, लेखी तक्रार आली नाही तर फाइल उघडत नाही. आम्ही त्या दोन रुपयांची लेखी तक्रार केली. पैसे परत आले, आणि पुढच्या महिन्यात ती खूणही दिसेनाशी झाली. आमच्या पत्रामुळेच झाले असा दावा नाही. परंतु पत्र गेले होते खरे.

दुसरा उपाय आपल्या मुलाबाळांच्या हाती आहे. या सभागृहातील कित्येकांची मुले बंगळूर, हैदराबाद, पुणे येथे अशीच ॲपे तयार करण्याच्या व्यवसायात आहेत. त्यांना आमचा निरोप द्यावा: सुटीत घरी याल तेव्हा आजीच्या हाती पाच जिनसांची यादी द्या, शेजारी बसा, आणि अर्धा तास तोंड मिटून पाहा. ती जेथे थांबेल तेथे तुमच्या ॲपमधील खड्डा आहे. तो बुजविलात तर त्यावरून लाखो माणसे सुखाने जातील.

तिसरा उपाय घरातला. मोबाइलमधील अक्षरे मोठी करावीत. ॲपमध्ये हिंदी वा मराठीची सोय असल्यास ती शोधून लावून द्यावी. एकदा सर्व जिन्नस बरोबर निवडून ठेवावेत, म्हणजे दर महिन्यास तीच मागणी पुन्हा करता येते. मात्र सर्वांत महत्त्वाचे असे की, वडीलधाऱ्यांच्या हातून मोबाइल ओढून "आण, मीच करतो" असे म्हणू नये. आपण घाईत केलेली ती मदत त्यांच्या हातचा कारभार काढून घेते.

चौथा उपाय मंडळाने करावा. १९३७ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी येथे सिल्व्हन गोल्डमन यांनी दुकानात ढकलगाडी आणली. आज ती सर्वत्र दिसते. पण प्रथम तिला कोणी हात लावीना. तरुणांना ती दुबळेपणाची खूण वाटे आणि स्त्रियांना बाबागाडीची आठवण देई. तेव्हा गोल्डमन यांनी निरनिराळ्या वयांची माणसे पगारावर ठेवून त्यांना गाड्या ढकलीत दुकानात फिरविले. आपल्यासारखाच माणूस वापरतो आहे हे पाहिल्यावर लोकांचा संकोच गेला. आपल्या मंडळात पगारी माणसे नकोत. महिन्यातील एका शनिवारी सायंकाळी जमावे, ज्याला येते त्याने न येणाऱ्याच्या शेजारी बसावे. मुंबईत १९७५ साली स्थापन झालेली ग्राहक पंचायत ही आपल्या मंडळाची जवळजवळ समवयस्क संस्था. शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून, एकत्र मागणी व एकत्र खरेदी यांच्या बळावर तिने मध्यमवर्गीय गिऱ्हाइकास उभे राहावयास शिकविले. तिच्या उदाहरणावरून आपणही चार-चार घरांची एक यादी करू शकू. त्यामुळे पोहोचविण्याचा आकार वाचेल, आणि पूर्वीच्या याद्यांप्रमाणे येणेजाणेही वाढेल.

शेवटी मातोश्रींविषयी. आमची तपासणी संपल्यावर आम्ही त्यांच्यापुढे वही ठेवली आणि पाचही माणसे कोठे कोठे अडली ते दाखविले. त्यांनी चष्मा लावून ती वही मुलांचे पेपर तपासावेत तशी तपासली. रत्नागिरीची सूनही भगरीपाशी अडली हे वाचून त्या किंचित हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे प्रश्नपत्रिकाच चुकली होती म्हण की!" दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद मागून घेतला आणि दोन रकाने आखले. डावीकडे आपली नावे, उजवीकडे येथली: भगर, समा के चावल, मटकी, मोठ, राजगिरा, रामदाना, जवस, अलसी, ओवा, अजवाइन, डिंक, गोंद. अशी साठ नावे झाली आहेत. नव्याने बदलून येणाऱ्या कुटुंबांसाठी तो कागद मंडळाच्या फलकावर लावावा, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.

या महिन्याच्या दोन तारखेस मातोश्रींनी पुन्हा यादी लिहिली आणि तो कागद शेजारी ठेवून ती स्वतः मोबाइलवर भरली. पाऊण तास लागला. आम्ही शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र उलटे धरून बसलो होतो. सातही जिन्नस बरोबर आले. यादीत मीठ नव्हते, कारण आषाढातले दोन किलो अजून शिल्लक आहे.

 मंडळाचा शतकमहोत्सव आपल्या मुलाबाळांना पाहावयास मिळो, ही प्रार्थना करून आमचे भाषण येथे संपवितो.